माणूस चर्च सोडतो तो नेमका कोणत्या रविवारी?

चर्चला येणं बंद केलेल्या माणसाला कारण विचारलं की एकच, नीट घडी घातलेलं कारण मिळतं. पाळकांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, जमलं नाही. वेळ होत नाही. आता तसा विश्वास राहिला नाही. हे खोटं नसतं, पण बहुतेकदा मागाहून सापडलेलं असतं. आधी पाय थांबतात. चार-सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं, तेव्हा मन त्या थांबलेल्या पायांना शोभेल असं कारण पुढे करतं. म्हणून मंडळीतली, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समुदायातली, गळती समजून घ्यायची असेल तर 'का' विचारण्याआधी 'केव्हापासून' विचारावं. त्या उत्तरातून जास्त हाती लागतं.

"पूर्वी सगळे यायचे" हे वाक्य मात्र जरा जपून वापरावं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 10व्या अध्यायातलं 25वं वचन एकत्र जमणं सोडू नका असं बजावतं आणि काहींना न येण्याची सवयच लागली आहे हेही तिथेच सांगून टाकतं. म्हणजे तक्रार मंडळीइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये 1559 च्या कायद्याने रविवारी गैरहजर राहणाऱ्याला दर खेपेला 12 पेन्स दंड होता, 1581 मध्ये तो महिन्याला 20 पौंडांवर नेला. ज्या गोष्टीसाठी दंड बसवावा लागतो ती सगळे आपखुशीने करत नसतात, एवढं तर उघड आहे. पुढे 30 मार्च 1851 च्या रविवारी इंग्लंड आणि वेल्समध्ये उपासनेला आलेल्यांची सरकारी मोजणी झाली. 1 कोटी 79 लाख लोकसंख्येत, येणं शक्य असूनही न आलेल्यांचा अंदाज 52 लाखांच्या वर गेला आणि त्या काळच्या भल्याभल्यांना धक्का बसला.

मोजणीचा विषय निघालाच आहे तर तिथेच थोडं थांबू, कारण बहुतेक मंडळ्यांची पहिली चूक तिथेच होते.

लोकांना विचारून हजेरी कळत नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वेक्षणात सुमारे 40 टक्के लोक "गेल्या आठवड्यात चर्चला गेलो होतो" असं सांगत. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी हॅडवे, मार्लर आणि चेव्ह्स या तीन समाजशास्त्रज्ञांनी ओहायोतल्या एका काउंटीत आणि काही कॅथोलिक धर्मप्रांतांत प्रत्यक्ष डोकी मोजली, तेव्हा खरा आकडा साधारण निम्मा निघाला. लोक मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही. "मी चर्चला जाणारा माणूस आहे" ही ओळख आणि "मी परवा गेलो होतो" हे वाक्य त्यांच्या डोक्यात एकच होतं. सोडणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडतं: महिनोन्‌महिने न येणारा माणूस स्वतःला सोडलेला समजतच नाही. त्याच्या लेखी तो अजून 'येतोच' आहे, फक्त मध्ये खंड पडला आहे.

दुसरी अडचण डोकी मोजण्यातच आहे. 200 माणसं महिन्याच्या चारही रविवारी येत असतील तर सरासरी हजेरी 200. तीच 200 माणसं चारातले दोन रविवार यायला लागली तर सरासरी 100. मंडळी अर्धी रिकामी दिसते, कमिटीत घबराट होते, आणि सोडून मात्र एकही माणूस गेलेला नसतो. उलटही होतं: तीन वर्षं सरासरी 120 वर स्थिर, सगळे समाधानी; पण 40 जुने गेलेले आणि 40 नवे आलेले. त्या 40 जणांना कोणी विचारलंच नाही, कारण आकडा जागचा हलला नव्हता. अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या एका मोठ्या पाहणीत मधल्या क्रमांकावरच्या मंडळीची हजेरी 2000 मध्ये 137 होती, ती 2020 मध्ये 65 वर आली. यात गेलेले किती आणि नुसते विरळ झालेले किती, हे आकड्यावरून कळायला मार्ग नाही. दोघांवरचा इलाज वेगळा आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा. डोकी मोजून उपयोग नाही, नावं मोजावी लागतात.

आणि हजेरी, सभासदत्व, विश्वास या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. ब्रिटनमधल्या समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी 1990 च्या दशकात देवावर विश्वास आहे पण कुठल्याच मंडळीत नाव नाही अशा मोठ्या वर्गाकडे लक्ष वेधलं. जर्मनीत चित्र बरोबर उलटं दिसतं. तिथे सभासदाच्या प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के इतका चर्च-कर सरकारच कापून देतं, आणि सोडायचं तर सरकारी कचेरीत जाऊन तसं नोंदवावं लागतं. 2019 मध्ये तिथल्या कॅथोलिकांपैकी रविवारच्या मिस्सेला (कॅथोलिक उपासनेला) सरासरी 9.1 टक्केच जात होते. बाकीचे नव्वद टक्के न येताही सभासद होते आणि कमावत्यांच्या पगारातून कर कापला जात होता. त्या वर्षी औपचारिकपणे बाहेर पडले 2 लाख 72 हजार, आणि 2022 मध्ये 5 लाख 22 हजार. म्हणजे कागदावरचं सोडणं ही शेवटची पायरी. प्रत्यक्ष सोडणं तिच्या कितीतरी वर्षं आधी होऊन गेलेलं असतं.

आता त्या 'केव्हा' कडे वळू.

1970 च्या दशकात जॉन सॅव्हेज नावाच्या अमेरिकन मेथोडिस्ट पाळकाने येणं बंद केलेल्या सभासदांशी बसून सविस्तर बोलणी केली. त्याला एक ठरावीक क्रम दिसला. आधी मनाला लागणारं काहीतरी घडतं: पाळकांशी खटका, दुसऱ्या सभासदाशी वाद, घरातली अडचण, कामाचा अति भार. मग माणूस इशारे देतो. "यंदा क्वायरला जमेल असं वाटत नाही", "संडे स्कूल कोणीतरी दुसऱ्याने बघा". हे ऐकणाऱ्याला रजेचा अर्ज वाटतो, प्रत्यक्षात तो दारावरचा टकटक आवाज असतो. कोणी दार उघडलं नाही की चिडचिड सुरू होते, आणि मग येणं थांबतं. थांबल्यावर माणूस सहा ते आठ आठवडे वाट बघतो, कोणी येतं का, फोन करतं का. कोणीच आलं नाही तर तो रविवारची सकाळ दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकतो. सॅव्हेजने ज्यांच्याशी बोलणं केलं त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: का येत नाही हे विचारायला कोणी आलंच नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वात उपयोगी आकडा हाच, सहा ते आठ आठवडे. त्याआधी साधी विचारपूस पुरते. त्यानंतर तुम्ही एका रिकाम्या जागेत परत बोलावत नसता. भरलेल्या जागेतून उठवून आणत असता. मुलांचा खेळाचा क्लास, आईवडिलांकडची फेरी, आठवड्यातून एकदाची नीट झोप, यांपैकी काहीतरी तिथे बसलेलं असतं आणि ते सोडायला माणसाला आता वेगळं कारण लागतं.

सॅव्हेजने सोडणाऱ्यांत दोन स्वभाव पाहिले. काही स्वतःला दोष देतात: "मीच कमी पडलो, माझंच चुकलं". काही दुसऱ्यांना: "या लोकांत काही राम नाही". पहिल्या प्रकारची माणसं गुपचूप जातात, म्हणून ती सर्वात आधी निसटतात. दुसऱ्या प्रकारची भांडून जातात आणि कमिटीचं सगळं लक्ष खाऊन टाकतात. खरं तर भांडणारा अजून दारातच उभा असतो, त्याच्याशी बोलणं सोपं. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायला लागलेल्या आणि शेवटचा आशीर्वाद संपायच्या आत निघून जाणाऱ्या माणसाकडे आधी बघावं.

कारणांची यादी करायला बसलं तर ती संपत नाही. काही कारणं मात्र जितकी साधी, तितकीच दुर्लक्षित आहेत.

घर बदलणं हे त्यातलं पहिलं. अमेरिकेत 2017 मध्ये लाइफवे या संस्थेने 23 ते 30 वयाच्या, शाळेत असताना नियमित चर्चला जाणाऱ्या तरुणांना विचारलं. 66 टक्क्यांनी 18 ते 22 या वयात किमान वर्षभर जाणं बंद केलं होतं. कारणांत सर्वात वर होतं कॉलेजसाठी दुसरीकडे जाणं, 34 टक्के. त्याखाली मंडळीतले लोक दोष काढणारे किंवा दांभिक वाटले, 32 टक्के. आपलेपणा वाटला नाही 29, राजकीय-सामाजिक भूमिका पटली नाही 25, नोकरीमुळे जमलं नाही 24. विश्वास डळमळल्याचं कारण वरच्या रांगेत नाही.

घर बदलताना घडतं ते असं. पहिले दोन रविवार खोकी उघडण्यात जातात. तिसऱ्या रविवारी एका चर्चमध्ये जाऊन बसतात, कोणी बोलत नाही. चौथ्या रविवारी दुसरं बघतात, तिथली गाणी ओळखीची नसतात. पाचव्या रविवारी "या वेळी राहू दे". सहावा आठवडा उजाडला. मंडळी सोडायची असं या घरात कोणी कधी ठरवलेलंच नाही. इलाज साधा आहे, पण जुन्या मंडळीने करायचा आहे, आणि जाणाऱ्याची जबाबदारी आपली असं जुन्या मंडळीला वाटतच नाही. सभासदत्वाचा दाखला जाणाऱ्याच्या हातात देऊ नये, तो फाइलमध्ये पडून राहतो. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन पाळकांनी स्वतः नव्या गावातल्या पाळकांना फोन करावा, नाव आणि पत्ता द्यावा, आणि तिथून कोणीतरी पहिल्याच आठवड्यात संपर्क करील एवढं पक्कं करावं. महिन्याने पुन्हा एक फोन, पोहोचले का म्हणून. दोन फोन, वीस मिनिटांचं काम.

दुसरं, ऐकू न येणं. सत्तरीच्या पुढची माणसं "गुडघे दुखतात" म्हणून घरी राहतात, आणि बऱ्याचदा गुडघे दुखतातही. पण प्रवचनातलं अर्धं ऐकू येत नाही हे कोणी कबूल करत नाही, कारण ते म्हणजे म्हातारपण मान्य करणं. उंच छताच्या दगडी इमारतीत आवाज घुमतो आणि स्पीकर वाढवला की जास्तच घुमतो. आवाज मोठा करून उपयोग नाही, स्पष्ट करावा लागतो. बोलणाऱ्याने माइक हनुवटीजवळ धरावा, मान वळवली तरी माइक तोंडासोबत वळावा. एकच मोठा स्पीकर समोर ठेवण्यापेक्षा बाकांच्या जवळ छोटे छोटे लावावेत. जमत असेल तर जमिनीलगत तारेचं वेटोळं फिरवून श्रवणयंत्राच्या 'टी' सेटिंगवर थेट आवाज पोहोचवणारी व्यवस्था करावी. मात्र ती बसवल्यावर कोणत्या बाकांवर चालते याची खूण करावी आणि महिन्यातून एकदा श्रवणयंत्र वापरणाऱ्यालाच बसवून तपासून घ्यावी. बहुतेक ठिकाणी ही व्यवस्था कधीच बंद पडलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. स्वच्छतागृह किती लांब आणि किती पायऱ्या खाली आहे, हेही याच खात्यातलं कारण. दीड तासाच्या उपासनेला येणं किंवा न येणं त्यावर ठरतं, आणि हे तर कोणीच बोलून दाखवत नाही.

तिसरं कारण शोक. जोडीदार गेल्यावर मंडळी महिनाभर भरभरून येते-जाते. मग ओसरते. त्याच सुमारास त्या माणसाला रविवारी त्याच बाकावर, शेजारची जागा रिकामी ठेवून, अंत्यविधीला गायलेलंच गीत पुन्हा गायचं असतं. लोकांना वाटतं दुःखात माणूस चर्चला चिकटतो. चिकटतोही, पण पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुटतो. इथे उपदेश कामाचा नाही. सोबत कामाची आहे: घरून घेऊन येणारं कोणीतरी, दुसऱ्या बाजूचा बाक, हवं तर दुसऱ्या वेळची उपासना. मृत्यूच्या तारखेपासून तिसरा महिना, सहावा महिना आणि वर्ष, या तीन खुणा वहीत करून ठेवाव्यात. घटस्फोटातही असंच होतं, फक्त तिथे दोघांपैकी एकालाच 'चर्च मिळतं' आणि दुसऱ्याला सगळे ओळखीचे चेहरे एकदम गमवावे लागतात.

रविवारच्या नोकरीबद्दल मंडळीत उगाच नैतिक सूर लावला जातो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे कायदे होते. ते उठले तेव्हा काय झालं याचा ग्रुबर आणि हंगरमन या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला: चर्चची हजेरी घटली आणि दानही घटलं. लोकांची श्रद्धा कायदा बदलला त्या दिवशी पातळ झाली असं कोण म्हणेल? रविवारच्या सकाळला स्पर्धक आला, एवढंच. नर्स, पोलीस, ड्रायव्हर यांच्यासाठी दुसऱ्या वेळी उपासना ठेवणं हा सरळ उपाय. तो फसतो कारण ती दुसरी उपासना 'उरलेली' असते. क्वायर नाही, प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) नाही, नवशिके प्रवचनकार, अर्धे दिवे बंद. आलेल्याला कळतं की खरी मंडळी सकाळीच जमते. महिन्यातून एकदा तरी तिथे पाळकांनी स्वतः प्रवचन करावं आणि प्रभुभोजनही द्यावं, नाहीतर ठेवूच नये.

थकलेले सेवक हा वेगळाच वर्ग. संडे स्कूलही त्यांच्याकडे, क्वायरही, हिशेबही. अशा माणसाला तीन कामांपैकी एक खाली ठेवता येत नाही, कारण ठेवायचं म्हटलं की "तुमच्याशिवाय कोण करणार?" हे वाक्य येतं. कौतुकाचं वाक्य, पण त्यात दार बंद होतं. मग तो तिन्ही कामं एकदम ठेवतो आणि सोबत मंडळीही ठेवून जातो. प्रत्येक कामाला मुदत हवी, दोन किंवा तीन वर्षं, आणि मुदत संपल्यावर सहा महिने नुसतं बाकावर बसण्याची मुभा.

मुलांच्या बाबतीत गोंधळ इमारतीतूनच सुरू होतो. पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत मूल उपासनेच्या वेळी दुसऱ्या खोलीत असतं. दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झालं की त्याला मोठ्यांच्या सभेत बसवतात, आणि त्याला कधी उभं राहायचं हेसुद्धा ठाऊक नसतं. दहा वर्षं तो ज्या 'चर्च'ला गेला ते वेगळंच होतं, आणि ते आता संपलं. महिन्यातून किमान एक रविवार मुलांनी सुरुवातीपासून आशीर्वादापर्यंत मोठ्यांबरोबर बसावं, वाचन करावं, दानाची थैली फिरवावी. घराचा वाटा अर्थात मोठा. ब्रिटनच्या आकडेवारीवर व्होआस आणि क्रॉकेट या अभ्यासकांनी 2005 मध्ये मांडलेला हिशेब असा: दोन्ही पालक धार्मिक असले तरी तो वारसा मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मीच, एकच पालक तसा असेल तर त्याच्याही निम्मी. पालक जात नसतील तर मात्र न जाण्याचा वारसा जवळजवळ पूर्ण उतरतो. संडे स्कूल कितीही चांगलं चालवलं तरी या हिशेबाशी झगडणं अवघड आहे.

शंकांचं काय? खरोखर विश्वास गेल्याने जाणारे असतात, आणि ते बहुधा पुष्कळ विचार करून, अनेक वर्षं घेऊन जातात. त्यांना परत आणण्याच्या युक्त्या काढू नयेत, मैत्री ठेवावी. पण शंकेमुळे गेले असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यांतले पुष्कळ शंकेला मिळालेल्या उत्तरामुळे गेलेले असतात. "प्रार्थना करा, उत्तर मिळेल" हे वाक्य प्रश्न संपवण्यासाठी वापरलं की विचारणाऱ्याला बरोबर कळतं.

पैशाबद्दल दोनच ओळी. वर्गणीची नावं आणि आकडे वाचून दाखवले की ज्याला द्यायला जमत नाही तो त्या रविवारी येत नाही, मग पुढच्याही. पाकिटांवर नावाऐवजी क्रमांक घालावा आणि मंडळीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांसमोर मांडावा. उलट चालतं तेव्हा, म्हणजे देणाऱ्यांची नावं उघड आणि खर्च झाकलेला, तेव्हा गळती ठरलेली.

एक कारण या यादीत बसवू नये. अत्याचार. बॉस्टनमधली कॅथोलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणं 2002 मध्ये उघड झाली, आयर्लंडमध्ये 2009 मध्ये एकाच वर्षात दोन सरकारी चौकशी अहवाल आले, जर्मन बिशपांनी करवून घेतलेल्या 2018 च्या अभ्यासात 1946 ते 2014 या काळातली 3,677 पीडित मुलं आणि 1,670 आरोपी धर्मसेवक कागदपत्रांत सापडले. आयर्लंडमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नव्वद टक्क्यांच्या आसपास कॅथोलिक दर आठवड्याला मिस्सेला जात. तिथली घसरण या अहवालांच्या आधीच सुरू झाली होती, पण अहवालांनी राहिलेल्यांचा पाया काढून घेतला. ज्यांनी भोगलं आणि ज्यांनी झाकलेलं पाहिलं, त्यांचं जाणं ही हजेरीची समस्या नाही. तिथे गृहभेट आणि गोड बोलणं म्हणजे दुसरा अन्याय. तक्रार कमिटीकडे नाही, पोलिसांकडे जायला हवी, आणि पीडित घराला कोणी भेटायचं हे त्या घराने ठरवावं.

बाकीच्या बहुतेकांसाठी काम वहीपासून सुरू होतं. 120 कुटुंबांची मंडळी असेल तर 12 जण निवडावेत, प्रत्येकाकडे दहा घरं. मंडळीचे वडील (निवडलेले ज्येष्ठ पुढारी) किंवा कमिटीवालेच हवेत असं नाही, उलट ज्यांच्याशी लोक मोकळेपणाने बोलतात असे हवेत. उपासना संपल्यावर दहा मिनिटं एका टेबलाशी बसून प्रत्येकाने आपल्या दहा घरांपुढे खूण करायची, घरातल्या प्रत्येक नावाची वेगळी. घरातले तिघे आले आणि चौथा आला नाही हे त्यामुळेच दिसतं, आणि गळती बहुधा त्या चौथ्यापासून सुरू होते. लागोपाठ दोन खाडे दिसले की त्या आठवड्यात फोन. तिसरा खाडा पडला की भेट. ही वही भिंतीवर लागता कामा नये आणि तिचा फोटो कोणत्याही ग्रुपवर जाता कामा नये. हजेरीपट झाला की लोक वहीसाठी येतात, नाहीतर वहीमुळे येत नाहीत.

फोनचं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. "बरेच दिवस दिसला नाहीत" यात हिशेब मागितल्यासारखं आहे. समोरचा लगेच सफाई द्यायला लागतो आणि सफाई देणारा माणूस खरं बोलत नाही. "परवा तुमची आठवण निघाली, म्हटलं फोन करावा, कसं चाललंय?" एवढं पुरतं. चर्चचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचं.

भेटीला दोघांनी जावं, पाच जणांनी नाही. फोन करून जावं. अर्ध्या तासात उठावं. सारखी चूक होते ती ही की गाऱ्हाणं ऐकताना आपण मंडळीची बाजू मांडायला लागतो. "पाळकांचा तसा हेतू नव्हता हो" हे वाक्य निघालं की भेट संपली, फक्त चहा पिणं उरतं. ऐकून घ्यावं, पटलं नाही तरी. एखादी तक्रार दुरुस्त होण्यासारखी असेल तर ती लिहून घ्यावी आणि आठवड्याच्या आत काय झालं ते कळवावं, "काही करता आलं नाही" हे उत्तर असलं तरी. निघताना प्रार्थना करू का हे विचारावं, गृहीत धरू नये. आणि "मग येत्या रविवारी नक्की ना?" हे तर अजिबात नको. एकदा 'हो' म्हणून माणूस आला नाही की त्याला पुन्हा तोंड दाखवणं आधीपेक्षा अवघड जातं.

आणखी एक, जे बिघडलं की सगळंच बिघडतं. घरात कळलेली गोष्ट प्रार्थनासभेत "अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करू या, त्यांच्याकडे सध्या..." अशी मांडली गेली तर ती प्रार्थनेचे कपडे घातलेली चहाडी असते. संध्याकाळपर्यंत ती त्या घरी परत पोहोचते. मग कोणतीही वही आणि कोणतीही भेट चालत नाही, फक्त त्याच घरात नव्हे, शेजारच्या दहा घरांतही.

ऑनलाइन उपासनेबद्दल वाद पुष्कळ आहेत. 2020 मध्ये दारं बंद झाली तेव्हा तिने मंडळ्या सांभाळल्या हे खरं. आजारी, लांबचे, घरात कोणाची शुश्रूषा करणारे यांना ती आजही हवी. पण धडधाकट माणसाच्या बाबतीत क्रम ठरलेला दिसतो: आधी वेळेवर लावून सगळे बसतात, मग स्वयंपाकघरात काम करता करता ऐकतात, मग "संध्याकाळी बघू" म्हणतात. रेकॉर्डिंग कायम उपलब्ध असलं की ते पाहण्याची घाई कधीच नसते. प्रेक्षकसंख्येचा आकडाही फसवा. तीस सेकंद उघडून बंद करणारा त्यात मोजला जातो. घरून पाहणाऱ्यांची नावं त्याच वहीत वेगळ्या खुणेने लिहावीत, आणि जे खरंच येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जावं.

नव्याने आलेल्यांसाठी मंडळीवाढीच्या कामात एक जुना ठोकताळा आहे: पहिल्या सहा महिन्यांत सातेक जणांशी मैत्री जुळली तर माणूस टिकतो, एक-दोघांवर थांबली तर बहुधा टिकत नाही. सातवर अडून बसण्याचं कारण नाही, पण दिशा बरोबर आहे. दारात हात मिळवणारे स्वयंसेवक यात मोजायचे नाहीत. त्यांचं ते कामच आहे. खरी परीक्षा उपासनेनंतरच्या पाच मिनिटांत होते, जेव्हा जुने लोक आपापल्या ओळखीच्या घोळक्यात वळतात आणि नवा माणूस मोबाइल काढून दाराकडे चालू लागतो. ती पहिली पाच मिनिटं जुन्यांनी फक्त अनोळखी माणसाशी बोलायचं, मग आपल्या मित्रांकडे वळायचं, असा अलिखित नियम काही मंडळ्या पाळतात आणि त्याचा फरक दिसतो.

खूप दिवसांनी कोणी परत आलंच तर दोन चुका टाळाव्यात. व्यासपीठावरून नाव घेऊन स्वागत करू नये, आणि "वा, आज रस्ता कसा सापडला!" ही थट्टा करू नये, तिच्या धाकाने कितीतरी जण आणखी वर्षभर लांब राहतात. बाकावर थोडं सरकून जागा करावी, गीताचं पुस्तक उघडून त्यांच्या बाजूला धरावं. वहीत त्या दिवशी नेहमीचीच खूण करावी, वेगळ्या रंगाची नाही. आणि पुढच्या रविवारी ते आले नाहीत तर दुसऱ्या खाड्याची वाट न बघता त्याच आठवड्यात फोन करावा, कारण परत आलेल्या माणसाचे सहा आठवडे फार लवकर संपतात.